ढवळलेली खेप

माझं काम सांगायला अगदी सोपं होतं. दोन द्रावणं घ्यायची, एका झटक्यात एकत्र ओतायची, भांडं एकदा हलवायचं आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घेणं हाच त्यातला अवघड भाग. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीची शेवटची बारा वर्षं हेच केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माझ्या ‘अथक परिश्रमां’चा उल्लेख झाला. खरं तर माझं कौशल्य काही न करण्यात होतं.

संपादकांनी सुचवलं होतं की विज्ञानातले आनंदाचे क्षण लिहा. ते होते, नाही असं नाही. पण त्याआधी एका माणसाला दिलेला शब्द पाळायचा आहे. त्यांचं नाव दत्ताराम परब. ते एका बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायचे. माझ्या भांड्याचा आणि त्यांच्या मशीनचा काय संबंध, हे कळायला थोडं रसायनशास्त्र सोसावं लागेल.

विजेच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, कारण प्लास्टिकमधून वीज जात नाही. पण काही प्लास्टिकं अशी आहेत की ज्यांतून ती जाते. आमचं त्यातलंच एक, पॉलिअनिलीन. अ‍ॅनिलीन नावाचा तेलकट द्रव आम्लात विरघळवायचा. दुसऱ्या भांड्यात एक पांढरा क्षार विरघळवायचा. दोन्ही एकत्र केली की काही मिनिटं काहीच होत नाही. नवा माणूस असेल तर इथे घाबरतो आणि काहीतरी करायला जातो. मग द्रावणात निळसर झाक येते, ती गडद होते आणि बघता बघता भांडं हिरवंगार होतं.

हा हिरवा पदार्थ शाळेतलं पोरही करील. प्रश्न असतो तो त्याच्या आकाराचा. जन्मतः हे प्लास्टिक अतिशय बारीक तंतूंच्या रूपात येतं, केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक. त्यांना तसंच राहू दिलं तर सुताचा मोकळा गुंता तयार होतो. पण त्या वेळी भांडं ढवळत राहिलं तर हे नवे तंतू एकमेकांवर आपटतात, चिकटतात. पुढे तयार होणारा सगळा माल त्यांच्यावरच साचत जातो आणि गोळे बनतात. पदार्थ तोच, रंग तोच, वजनही तेवढंच. फक्त आकार गेलेला. माझी आई विरजण लावलेल्या पातेल्याला कोणाला हात लावू द्यायची नाही. मला लागणारं निम्मं शिक्षण तिथे फुकट मिळालं होतं; उरलेल्या निम्म्यासाठी पदवी घ्यावी लागली.

आम्ल कमी पडलं तर तंतूंऐवजी पोकळ नळ्या मिळतात. एकदा माझ्याकडून आम्ल मोजताना चूक झाली आणि नळ्या आल्या. आमचे प्रमुख, डॉक्टर बर्वे, यांनी त्यावर एका परिषदेत भाषण केलं. त्यात माझ्या चुकीला ‘नियंत्रित बदल’ म्हटलं होतं. माझ्या चुकांपैकी मान मिळालेली ती एकटीच.

आता हे तंतू कशासाठी, तर अमोनियासाठी. तंतूंचा पातळ थर एका पट्टीवर दिला आणि तिच्यातून बारीकशी वीज खेळवली, तर हवेत अमोनिया येताच पट्टी हिरव्याची निळी पडू लागते आणि वीज अडते. वीज अडली की पेटीतला भोंगा वाजतो. थर तंतूंचा असेल तर वायू गुंत्यात सगळीकडे एकदम शिरतो आणि पट्टी काही सेकंदांत बोलते. थर गोळ्यांचा असेल तर वायूला एकेका गोळ्यात हळूहळू झिरपावं लागतं. पट्टी बोलते तेव्हाही. पण सावकाश.

आणि अमोनिया बर्फाच्या कारखान्यात असतो. मासळी टिकवायला बर्फ लागतो, तो करायला अमोनिया लागतो, आणि तो पाइपांमधून दाबाखाली फिरतो. किनाऱ्यावर, एका कोळीवाड्याजवळच्या कारखान्याने आमची पेटी लावून बघायची तयारी दाखवली, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेले.

परबदादा हातात एक पेटती पिवळी कांडी घेऊन पाइपांच्या जोडांवरून फिरवत होते. देवासमोर उदबत्ती ओवाळावी तसे, पण जास्त भक्तीने.

“हे काय?” मी विचारलं.

“गंधकाची कांडी, मॅडम. अमोनिया गळत असलो तर हिचो धूर पांढरोशुभ्र होता. दर अर्ध्या तासान फेरी.”

“म्हणजे कणकवलीकडचे का तुम्ही?”

“कुडाळ. तुमी?”

“सावंत. कणकवली. माझे वडील गिरणीत होते.”

“मगे आदी सांगूचा नाय?” त्या क्षणापासून मी मॅडमची ‘बाय’ झाले.

“दादा, वास नाही येत का गळती झाली की? कांडी कशाला?”

“ह्या नाकान बावीस वरसां अमोनिया खाल्लो, बाय. आता घरात बांगडो करपलो तरी माका कळना नाय. बायको म्हणता, तुमका काय वाढला तरी चलता.”

त्यांची आणखी एक रीत होती. कुठल्याही व्हॉल्व्हजवळ जायचं तर आधी तोंडाला आणि डोळ्यांलगत ओलं फडकं बांधायचं. फडकं कायम कमरेला खोचलेलं असायचं आणि कायम ओलं असायचं. मी पेटी भिंतीवर लावली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली.

“माझ्या आदी सांगतली ही?”

“तुमच्या नाकाच्या कितीतरी आधी,” मी म्हटलं.

आणि ती सांगत होती. पहिल्या काही महिन्यांत दोनदा बारीक गळती झाली. कोणाला काही कळायच्या आधी भोंगा वाजला. बर्फ न्यायला येणाऱ्या कोळणींमध्ये हिराबाई म्हणून एक होती, खारदांड्याची. तिने पेटीचं नाव ठेवलं ‘बाईची सवत’. “दत्तू, तुझी सवत कोकलली रे,” असं ती ओरडायची. सवत नक्की कोणाची, हा गोंधळ तिने कधी मिटवला नाही. परबदादांचा पेटीवर विश्वास बसला. गंधकाच्या कांड्यांचं काम संपलं. गंधकाचा धूर आम्लधर्मी असतो. अमोनियाने निळी पडू लागलेली पट्टी तो पुन्हा हिरवी करतो, म्हणजे पेटीला खोटं सांगतो. म्हणून मालकांनी कांडीची फेरी बंद करायला सांगितली, आणि ती बंद झाली.

पट्ट्या जुन्या झाल्या की बदलाव्या लागतात. बदलायच्या पट्ट्यांसाठी मी नवी खेप करायला घेतली, नेमक्या त्याच दिवशी आमच्याकडे एक मोठे पाहुणे येणार होते. कोण, ते महत्त्वाचं नाही. मोठे पाहुणे आले की फरशी दोनदा पुसली जाते आणि सगळ्यांचे पांढरे कोट एकदम पांढरे होतात. मी द्रावणं ओतली, भांडं हलवलं, ठेवलं. बर्वे सर येऊन उभे राहिले.

“सावंतबाई, हे नुसतं भांडं ठेवलंय. यात पाहुण्यांना काय दिसणार?”

“काही दिसू नये अशीच पद्धत आहे, सर.”

“ते आपल्याला माहीत आहे हो. त्यांना काहीतरी फिरताना दिसू दे. दोन मिनिटं फक्त.”

आमच्याकडे ढवळायला चुंबकी यंत्र असतं. भांड्यात एक पांढरी गोळी टाकायची, खालच्या चकतीचं बटण फिरवलं की गोळी गरगरते आणि द्रावणात सुरेख भोवरा पडतो. मी गोळी टाकली. बटण मीच फिरवलं. पाहुणे आले, भोवरा बघून खूश झाले. द्रावण तेव्हा नेमकं निळ्याचं हिरवं होत होतं. यापासून साडी विणता येईल का, असं त्यांनी विचारलं. बर्वे सर म्हणाले, “त्या दिशेने विचार चालू आहे.” तो कधीच चालू नव्हता.

मी बटण बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात सभागृहातून बोलावणं आलं. पुष्पगुच्छ बायकांनीच द्यायचे, ही आमच्या संस्थेत काटेकोरपणे पाळली जाणारी एकमेव कार्यपद्धती होती. मी गुच्छ धरून उभी राहिले. भाषणं झाली. पाहुणे ‘आकार घेणाऱ्या भारता’वर पाऊण तास बोलले. तेवढ्या वेळात माझ्या भांड्यातल्या मालाने आकार गमावला.

परत आले तेव्हा गोळी फिरतच होती. बटण बंद केलं. भांडं हिरवंगार होतं, नेहमीसारखंच सुंदर.

दुसऱ्या दिवशी माल धुतला. इथे एक खूण असते, आणि ती मला माहीत होती. तंतूंचा माल पाण्यात तरंगत राहतो, दिवसभर ठेवलं तरी पाणी हिरवंच दिसतं. गोळ्यांचा माल तळाशी बसतो. त्या सकाळी हिरवा गाळ तळाला होता आणि वर नितळ पाणी. मी ते बघितलं. ‘बघितलं नाही’ असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पण अ‍ॅनिलीन पुन्हा शुद्ध करून नवी खेप करायची म्हणजे एक अख्खा दिवस. पट्ट्या त्याच आठवड्यात द्यायच्या होत्या. आकार खरोखर बघायचा तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, तो दुसऱ्या संस्थेत आणि त्याची पाळी तीन आठवड्यांनी. मी मनाशी म्हटलं, पाऊण तासच तर ढवळलं. पट्टी तयार करून अमोनियाच्या उघड्या बाटलीवर धरली. भोंगा वाजला. अर्थातच वाजला, उघड्या बाटलीवर आंधळी पट्टीही वाजते. बारीक गळतीवर वाजते का, हा खरा प्रश्न होता, आणि तो मी विचारला नाही. प्रत्येक खेपेच्या अहवालाला तंतूंचा फोटो जोडावा लागे. मी मागच्या खेपेचा जोडला. कृती तीच, मग फोटोही तोच, असा तर्क केला. पट्टी नेऊन परबदादांच्या पेटीत बसवली.

“नवी काय?” त्यांनी विचारलं.

“नवी. जुनीपेक्षा झकास,” मी म्हटलं.

पाच आठवड्यांनी, दुपारी, बर्फ भरून घ्यायच्या वेळी एका व्हॉल्व्हच्या आतलं, गळती रोखणारं पॅकिंग झिजून बारीक गळती सुरू झाली. ती बराच वेळ चालू असावी, असं नंतर निघालं. परबदादांना सूं असा आवाज ऐकू आला. त्यांनी भिंतीकडे बघितलं. पेटी गप्प होती. पेटी गप्प, म्हणजे अमोनिया नाही, नुसत्या हवेची नळी सुटली असणार, असं धरून ते फडकं न बांधता व्हॉल्व्हवर वाकले. त्याच क्षणी पॅकिंग निघालं.

भोंगा वाजला. ते खाली कोसळल्यावर.

बर्फासाठी थांबलेल्या कोळणींनी त्यांना ओढून बाहेर आणलं. हिराबाईने टोपातली मासळी रस्त्यावर उपडी केली, त्यातच बर्फाचं वितळलेलं पाणी भरलं आणि त्यांच्या डोळ्यांवर ओतत राहिली. “पानी वता गो, पानी! थांबू नका! दत्तू, डोलं उघर, मेल्या, उघर!” असं ती ओरडत होती. हे तिने स्वतः मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एक डोळा त्या पाण्यामुळे वाचला. दुसरा वाचला नाही.

चौकशी समिती नेमली गेली. मला एकच प्रश्न विचारण्यात आला. पेटी वाजली होती का? मी म्हटलं, “हो, वाजली होती.” उत्तर शब्दशः खरं होतं. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही.

अहवालात लिहिलं गेलं की इशारायंत्र चालू स्थितीत होतं, आणि तोंडावर संरक्षक कापड न बांधता गेलेल्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली.

त्या ढवळलेल्या खेपेतली चिमूटभर भुकटी माझ्याकडे बाटलीत उरली होती. मी मायक्रोस्कोपची पाळी लावली. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्हाला तंतू हवे होते ना?” पडद्यावर एकही तंतू नव्हता.

हा फोटो आणि अहवालाला जोडलेला मागच्या खेपेचा, असे दोन्ही बर्वे सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त काहीतरी फिरताना दिसायला आवडायचं. शेवटी म्हणाले, “बाई, मी यावर सही करणार नाही. पण तुम्हाला अडवणारही नाही.” संस्थेत याहून मोठं धैर्य मी फारसं बघितलं नाही. माझं तर त्याहूनही लहान निघालं. मी ते फोटो घेऊन परबदादांकडे जायला सात महिने घेतले.

ते घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहायचे. चढ संपला तेव्हा मला धाप लागली होती. दादा दारातच बसले होते. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, यांनी पाणी आणून दिलं आणि आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

मी फोटो दिले. त्यांनी पहिला चांगल्या डोळ्याजवळ धरला.

“ह्यो शेवयो.”

“हो. आणि हा?”

“ह्यो फुलकोबी.” फोटो खाली घेत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी माझ्या पेटीत खंयचा होता?”

“फुलकोबी.”

“कोणी केल्यान?”

“मी. ढवळायचं नसतं, ते मी ढवळलं. आणि मला कळलं होतं.”

सुमनवहिनी म्हणाल्या, “कळला होता आणि लावलात?” मी हो म्हटलं. त्या आत गेल्या. चहा आला नाही. येऊ नये हेच बरोबर होतं.

दादा दोन्ही फोटो एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवत राहिले. “डोळो गेलो, तो गेलो, बाय,” ते म्हणाले. “पण त्या कागदार माका निष्काळजी म्हटल्यानी. बावीस वरसांत मी फडक्याशिवाय व्हॉल्व्हाकडे गेलंय नाय. त्या दिवशी गेलंय, कारण पेटी गप होती. गावाक भावान इचारल्यान, दत्ता, फडक्या कित्याक बांधूक नाय? काय सांगू तेका? ह्या तुमी लिवन द्या.”

मी लिहिलं. दोन्ही फोटो जोडून समितीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की पत्र मिळालं, परंतु समितीचं कामकाज पूर्ण झाल्याने ती विसर्जित करण्यात आली आहे. गणपतीलाही निदान पुढच्या वर्षी यायचं आमंत्रण असतं. मालकांना लिहिलं. त्यांनी ढवळलेल्या खेपेची पट्टी तेवढी परत पाठवली. समितीचं उत्तर मी दादांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मगे खंयतरी छापा. भावाक वाचूक येता.”

मी म्हटलं, निवृत्त झाल्यावर छापते. त्यालाही त्यांनी मान हलवली. माझ्या आयुष्यात घाईने केलेली एक गोष्ट आहे आणि उशिरा केलेल्या दोन. तिन्ही या एकाच माणसाच्या वाट्याला आल्या.

संपादकांचं पत्र आलं आणि मी लिहायला बसले. छापायला देण्याआधी गेल्या आठवड्यात घाटकोपरला गेले. मेट्रोतून उतरून, चढ चढून. दादा आता डोळे मिटूनच ऐकतात. मी इथपर्यंतचा लेख वाचून दाखवला. करपलेल्या बांगड्यावर ते हसले. हिराबाईच्या बोलण्यावर म्हणाले, “तिना ह्याच्यापेक्षा घाण शिव्या घातल्यान, तुमी गाळल्यात.” सुमनवहिनींनी या वेळी चहा ठेवला होता. गंधकाच्या कांड्यांपाशी दादांनी हात वर केला होता, पण मी वाचत राहिले होते. शेवटी त्यांनी मला पुन्हा मागे नेलं.

“तां कांडीचा परत वाचा.”

मी वाचलं. म्हणून मालकांनी कांडीची फेरी बंद करायला सांगितली.

“मालकान नाय,” ते म्हणाले.

“मालकांनीच ना, दादा?”

“मालकाक काय ठावक, गंधकाच्या धुरान तुमची पट्टी खोटा बोलता? तेका पट्टीचो रंगसुद्धा ठावक नव्हतो. तां तुमी सांगल्यात. मी म्हटलंय, बाय, फेरी चालू ठेवतंय, मनाक बरा वाटता. तुमी माझ्या हातातली कांडी विझवल्यात. डबो तुमच्या पिशवीत टाकल्यात. म्हटल्यात, दादा, आता ही सवय सोडा.”

त्यांनी हे कुठल्याही रागाने सांगितलं नाही. माणूस चुकीचा पत्ता दुरुस्त करून देतो, तसं सांगितलं. आणि ते सांगत असताना मला तो डबा आठवला. पत्र्याचा, झाकणाला दोरा बांधलेला. प्रयोगशाळेत माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात तो निवृत्तीच्या दिवसापर्यंत होता. सामान आवरताना मी तो हातात घेतला होता, आणि कोणाचा ते आठवत नाही असं म्हणून कचऱ्यात टाकला होता.

मी पेन काढलं. “वरचं खोडून बरोबर करते, दादा.”

“खोडू नको.” पहिल्यांदाच ते मला ‘तू’ म्हणाले. “आसा तसा ऱ्हवांदे. खाली माझा लिव.”

म्हणून वरचं वाक्य आहे तसं ठेवलं आहे. सगळं कबूल करायला बसले होते, तेव्हासुद्धा मी ते लिहिलं, आणि लिहिताना माझा हात अडला नाही. खाली दादांचं लिहिते. दत्ताराम परब निष्काळजी नव्हते. कांडी मी काढून घेतली होती.